घरातली वाक्यं

शलाकामॅडमनी दुधाच्या पेल्याचं चित्र समोर धरलं आणि नाथा म्हणाला, "खीर."

डोक्याला मार लागल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला धड शब्द होता. अंबरनाथ पूर्वेला, रक्त तपासायच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर, बोलणं परत शिकवायच्या त्या लहानशा खोलीत कुंदा भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर त्याच्या औषधांची पिशवी. दर मंगळवारी ती एकच गोष्ट बघत आली होती. मॅडम चित्र धरायच्या, नाथा चित्राकडे बघायचा, मग मॅडमच्या तोंडाकडे, मग त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या आणि आतून नुसता हुंकार यायचा. आज शब्द आला. स्वच्छ, त्याच्याच जुन्या आवाजात. कुंदाच्या अंगावर काटा आला. मॅडम हसल्या. जवळ आलात काका, म्हणाल्या, अगदी जवळ. मग कुंदाकडे वळून त्यांनी समजावलं, की त्यांना कळतं सगळं, फक्त शब्द जागेवर सापडत नाहीत. दूध शोधायला गेलं की शेजारचा शब्द हाताला लागतो. खीर आवडते का त्यांना? कुंदा हो म्हणाली. बदलापूरच्या रिक्षात बसल्यावर, एमआयडीसीचा तो आंबूस वास नाकात शिरत असताना, तिच्या लक्षात आलं की आपल्याला हे ठाऊकच नाही. समोर येईल ते तो खात आला होता. कधी वाहवा नाही, कधी नावं ठेवणं नाही. ताटातलं संपायचं, एवढीच त्याची आवडनिवड तिला माहीत होती. मग आपण हो का म्हटलं? मॅडमनी इतक्या सहज विचारलं होतं, बायकोला ठाऊक असणारच अशा खात्रीनं, की नाही म्हणायची लाज वाटली.

कुळगावच्या बाजारात उतरून तिनं शेवया घेतल्या, वेलची घेतली. खीर आटेपर्यंत गॅसजवळून हलली नाही. वाटी त्याच्या पुढ्यात ठेवली, चमचा डाव्या हातात दिला. उजवा अजून लुळाच होता. त्यानं एक चमचा तोंडात घातला आणि मान हलवली. "न," तो म्हणाला. "खीर." कुंदा म्हणाली, खीरच आहे ही. त्यानं गॅसच्या दिशेनं हात केला, पुन्हा म्हणाला, "खीर," आणि वाटी ढकलली. वाटी लवंडली ती सतरंजीवर फॉल लावायला पसरलेल्या साडीवर. नाथा कामाला होता त्या शेटच्या दुकानातली साडी, कोणा गिऱ्हाइकाची. दूध झिरपत काठापर्यंत गेलं. कुंदानं साडी उचलली, नळाखाली धरली, आणि डाग निघाल्यावरही काठ चोळत राहिली. आधी तिला वाटलं, रडू येतंय. पण ते रडू नव्हतं. पोटातून वर येणारी ती गोष्ट तापलेली होती, आणि तिला ती ओळखायला वेळ लागला, कारण नाथावर ती कधी रागावलीच नव्हती. राग येण्याइतका तो घरात नव्हताच कधी.

चामटोलीचा पोरगा. भाताच्या दोन तुकड्यांवर भावांची घरं चालेनात म्हणून मिसरूड फुटायच्या आधी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये कापडाच्या दुकानात लागला. लछूशेटच्या वडिलांनी त्याला ठेवला, पुढं लछूशेटनं. गादीवर बसून साड्या उलगडायच्या, बायकांच्या अंगावर पदर टाकून दाखवायचे, माळ्यावरून गठ्ठे काढायचे. सकाळी डबा घेऊन निघायचा, रात्री दुकान वाढवून यायचा. लग्नानंतर तो साड्या घरी आणायला लागला, कुंदानं फॉल-बिडिंग करून द्यायचं. म्हणजे तीही त्या दुकानाचीच. फक्त तिला तिथं कोणी बघितलं नव्हतं. आणि एके दिवशी माळ्याची शिडी सरकली. तो पाठीवर पडला, डोकं शटरच्या लोखंडी पट्टीवर आपटलं. कल्याणच्या हॉस्पिटलात कवटी उघडून रक्त काढलं, पुन्हा टाके घातले. बाहेर बाकावर बसून कुंदा देवाला एकच मागत होती, जीव राहू दे. जीव राहिला. बोलणं गेलंय, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तिच्या मनात जे पहिल्यांदा आलं ते ती कोणाला सांगू शकली नसती. मनात आलं, त्यात फार काय फरक पडणार आहे?

रविवारी लछूशेट आला. नेहमीसारखा पापडांचा पुडा घेऊन, नेहमीसारखा दारातूनच "भाभी, कसा आहे आपला नाथू?" म्हणत. नाथा खिडकीपाशी खुर्चीत होता. त्यानं मान वर केली आणि डावा हात पुढं करून म्हणाला, "अचो साईं, विहो." या, बसा. दुकानात चढणाऱ्या हरेक माणसाला तो आयुष्यभर म्हणत आला होता तसं. शेट दारातच थबकला. मग चपलेसकट आत आला, त्याच्यापुढं उकिडवा बसला, त्याचा हात धरून भराभर सिंधीत काहीतरी विचारायला लागला. नाथा उत्तरं देत होता. एकेक शब्द, कधी दोन. अडखळत होता, घाम पुसत होता, पण देत होता. शेट हसला, तसा तोही हसला. कुंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याच्या बोलण्यातलं तिला काही कळत नव्हतं. शेट जायला निघाला तेव्हा तिनं विचारलं, काय म्हणत होते. शेटनं डोळे पुसले. "दुधाचं बोलत होता, भाभी. मागितलं तर गोड करून दिलं म्हणतो. आमच्यात दुधालाच खीर बोलतात ना." आणि तो पुन्हा हसला, यात मजाच आहे तशी.

कुंदाला मजा वाटली नाही. म्हणजे मॅडमच्या खोलीत तो चुकला नव्हता. दुधाला दूधच म्हणाला होता. शेजारचा शब्द त्याच्या हाताला लागला नव्हता, अगदी नेमका लागला होता. फक्त तो तिच्या घरातला नव्हता.

मंगळवारी मॅडमनी त्याला आकडे म्हणायला लावले. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, हिकु, ब, टे, चार, पंज. मॅडमचा चेहरा उजळला. कुठली भाषा ही, त्यांनी विचारलं. कुंदा म्हणाली, "दुकानाची." शेट दुपारी त्यांना दुकानात नेऊन बसवायचं म्हणतो, तेही तिनं सांगितलं. मॅडमनी खुर्ची जवळ ओढून नीट सांगितलं. दोन-तीन भाषा बोलणाऱ्या माणसाला असं झालं तर सगळ्या भाषा एकदम परत येतील असं नसतं. कधी कधी जी सगळ्यात जास्त वापरात होती ती आधी येते. आईची भाषा आधी येईलच असं नाही. हे प्रेमाचं किंवा रागाचं नसतं काकू, सवयीचं असतं. शेट म्हणतात तसं दुपारी त्यांना दुकानात नेऊन बसवलंत तर चांगलंच आहे. जिथं शब्द येताहेत तिथं येऊ द्यायचे. कुंदा मान डोलावत ऐकत होती. सवयीचं असतं. म्हणजे एवढ्या वर्षांच्या जन्माचं माप घेऊन डॉक्टरीण सांगत होती, की याची सवय तिकडं होती, तुझ्याकडं नव्हती. संध्याकाळी किर्तीला फोनवर सांगितलं तर लेकही तेच म्हणाली. आई, बोलताहेत ना, मग कुठल्याही भाषेत बोलू दे. जाऊ दे दुकानात. कुंदा म्हणाली, मी नाही पाठवणार. का, असं किर्तीनं विचारलं. उत्तर होतं, पण ते एका लग्नाच्या हॉलमध्ये होतं आणि तिथपर्यंत लेकीला नेणं तिला जमणारं नव्हतं.

लछूशेटच्या मुलाचं लग्न. किर्ती तेव्हा शाळेत होती, तिला तापामुळं शेजारी ठेवलं होतं. उल्हासनगरचा तो झगमगीत हॉल, अत्तराचे फवारे. कुंदा कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताट घेऊन बसली होती आणि मधल्या गोलात हसण्याचे लोट उठत होते. तिनं मान उंचावून बघितलं. मध्ये नाथा होता. तो काहीतरी किस्सा सांगत होता, हात नाचवत, आवाज बदलत, एखाद्या नखरेल गिऱ्हाइकाची नक्कल करत, आणि सूटबूटवाले पोट धरून हसत होते, कोणी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं, कोणी म्हणत होतं, नाथू, अजून एक. कुंदाच्या हातातला घास तसाच राहिला. तोपर्यंत ती समजून चालली होती की आपला नवरा अबोल आहे. सासू म्हणायची, माझा नाथा मुका बैल आहे, कामाला वाघ आणि तोंडाला कुलूप. कुंदानंही तेच पुढं शेजारणींना सांगितलं होतं, जरा कौतुकानंच. लग्न होऊन आली तेव्हा ती स्वतः बडबडी होती. दिवसभराचं साठवून ठेवायची, तो जेवायला बसला की सांगायला घ्यायची. तो हं म्हणायचा, दुसऱ्यांदा हं म्हणायचा नाही. दोन-चार वर्षांत तिचं सांगणं आटलं, आणि तिनं स्वतःची समजूत घातली, काही माणसं असतातच तशी. पण तो तसा नव्हता. तो बोलका होता. गोष्टीवेल्हाळ होता. तिच्याशी अबोल होता. हॉलवरून परत येताना रिक्षात तो नेहमीसारखा बाहेर बघत बसला. तिनं विचारलं, काय सांगत होता एवढं? तो म्हणाला, काही नाही, दुकानातलं. त्या रात्रीपासून कुंदाच्या आत काहीतरी दडपलेलं राहिलं, आणि ती फॉल लावत राहिली.

पुढच्या मंगळवारी ती मॅडमना स्पष्ट म्हणाली की त्यांना आधी मराठी आली पाहिजे. घरातलं बोलणं आलं की मग दुकानाचं बघू. मॅडम म्हणाल्या, करू या ना. सुट्टे शब्द नकोत, घरात रोज जी वाक्यं ते बोलायचे तीच घेऊ. तोंडात मुरलेली असतात ती, सुरावर ठेक्यावर बसवली की येतात कधी कधी.

"काय बोलायचे काका घरी? तुमच्याशी?"

कुंदा आठवायला लागली. आलो. वाढ. उद्या द्यायच्यात. दिवा बंद कर. एवढंच पुढं आलं. तिनं आणखी खोल हात घातला, जत्रेचे दिवस, किर्तीचा जन्म, सासूचं मरण, आणि दर ठिकाणी त्याचं तोंड दिसलं, आवाज नाही. मॅडम पेन धरून थांबल्या होत्या. नाथा टेबलापलीकडं बसून तिच्याकडं बघत होता. खोलीतला पंखा कुरकुरत होता. कुंदाला वाटलं, आपण भर बाजारात नागड्या उभ्या आहोत. आणि तिच्या तोंडून निघालं, "ते विचारायचे, कुंदा, जेवलीस का?" मॅडमना ते आवडलं. अजून? "दमलीस का? म्हणायचे. मी शिवत बसले असले की म्हणायचे, बस आता, डोळे दुखतील." एकदा तोंड लागल्यावर थांबवेना. ये, जरा बस इथं. आज काय झालं, सांग की. एकेक वाक्य ती सांगत गेली, जणू कानात कालचंच आहे, आणि सांगता सांगता तिला एक भलतंच सुख झालं, आणि त्या सुखाच्या पाठोपाठ असा संताप आला की तिनं ओठ मिटून घेतले. किती छान, मॅडम म्हणाल्या. नाथानं नजर तिच्यावरून काढून टेबलावर ठेवली. त्याला काय कळतंय, कुंदाला वाटलं.

मग ते सुरू झालं. मॅडम त्याचा डावा हात हातात घेऊन टेबलावर ठेका धरायच्या आणि वाक्य गाण्यासारखं म्हणायच्या, एक सूर वर, एक सूर खाली. कुं-दा, जेव-लीस-का. घरी सराव करायला त्यांनी आपला आवाज किर्तीच्या फोनवर पाठवला आणि किर्तीनं तो कुंदाच्या फोनवर. रोज सकाळी नाथा फोन मांडीवर ठेवून बसायचा, हात मांडीवर आपटायचा आणि कुंथायचा. कुं. कुं. जे. कुंदा पलीकडं भाकऱ्या थापत असायची आणि तिचीच रचलेली वाक्यं दुसऱ्या बाईच्या गोड आवाजात घरभर फिरत असायची. कधी तिला वाटायचं, फोन उचलून गॅसवर ठेवावा. तो मात्र सोडत नव्हता. इतका चिकाटीनं की तिला त्याचाही राग यायचा. साड्या उलगडायला शिकला तसं शिकतोय, ती मनात म्हणायची. उद्या गिऱ्हाइकाला दाखवेल. आणि झालंही तसंच. एकदा भाजीवाली बनूबाई दारात आली, तर तिला म्हणाला, "जेवलीस का." बनूबाई पदर तोंडाला लावून हसली, म्हणाली, नाय बाबा, तूच वाढ. कुंदानं मेथीची जुडी घेतली आणि दार जरा जोरातच लावलं.

आणि एका रविवारी वाक्य पुरं झालं. किर्ती अंबरनाथहून आलेली, लछूशेट पापड घेऊन बसलेला. कुंदा सगळ्यांना चहा देऊन कप गोळा करत होती. नाथानं मांडीवर हात आपटला, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "कुंदा, जेवलीस का?" सूर तोच, मॅडमचा, पण शब्द अख्खे. किर्तीला रडू फुटलं. ती बापाच्या गळ्यात पडली, पुन्हा म्हणा बाबा, म्हणून फोन काढला. शेट म्हणाला, "भाभी, बघा. सगळं विसरला, पण तुमची काळजी नाही विसरला." मग म्हणाला, आता तर मराठी पण आली, आता परवापासून दुपारी गाडी पाठवतो, नाही म्हणू नका. कुंदा हं म्हणाली. तिनं कप नेऊन मोरीत ठेवले. शेट गेला. किर्ती निघताना जिन्यात थांबली, चपलेचा पट्टा लावता लावता वर न बघता तिनं विचारलं, "आई, बाबा असं कधी विचारायचे?" कुंदा म्हणाली, तू झोपलेली असायचीस. किर्तीनं आईच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि जिना उतरली.

कुंदा दार लावून आत आली. दुपार टळत आली होती, खिडकीतून ऊन नाथाच्या पायांवर पडलं होतं. त्यानं तिला बघितलं आणि पुन्हा हात आपटायला घेतला. कुं-दा. जेव-लीस.

"बास," कुंदा म्हणाली. "हे तुम्ही कधी बोलला नाहीत. जन्मात एकदा नाही. मी रचलंय ते. मॅडमनी विचारलं, घरात काय बोलायचे, तर सांगायला माझ्याकडं काही नव्हतं."

त्याचा हात मांडीवर थांबला. कुंदाला थांबता येईना. ती बोलत सुटली, उभ्यानंच, आवाज न चढवता. लग्नाच्या हॉलमधला घास सांगितला. चौथ्या महिन्यात पोटातलं मूल पडलं तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती, आणि त्यानं उशाशी साड्यांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाला, उद्या द्यायच्यात, ते सांगितलं. तिचा बाप गेल्याचा निरोप आला त्या संध्याकाळी ती त्याची वाट बघत दारात बसली होती, तो आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, वाढ, ते सांगितलं. वाढलं मी, ती म्हणाली, आणि तुम्ही जेवलात. तिकडं लोकांना हसवायला तुमच्याकडं तोंड होतं. गिऱ्हाइकाला या म्हणायला होतं, बसा म्हणायला होतं. माझ्यासाठी राहिलेलं काय आणत होता तुम्ही घरी? फाटके हुंकार. ती बोलत होती आणि तो ऐकत होता. पूर्वी असता तर दिवा बंद कर म्हणाला असता. आता म्हणता येत नव्हतं, उठून जाता येत नव्हतं, आणि बंद करायला दिवाही लागलेला नव्हता. भर उजेडात दोघं समोरासमोर होती. आपण दुबळ्या माणसाला धरून मारतोय, हेही तिला कळत होतं. तरी ती थांबली नाही. संपेपर्यंत बोलली.

नाथाच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. त्यानं हात आपटला नाही, सूर धरला नाही.

"मूंखे," तो म्हणाला. थुंकी गिळली. "मूंखे खबर आहे."

याचा अर्थ सांगायला शेटची गरज नव्हती. मला माहीत आहे. कुंदा जागच्या जागी खाली बसली. त्या मंगळवारी ती एकामागून एक वाक्यं सांगत होती तेव्हा त्यानं नजर टेबलावर ठेवली होती, ती न कळल्यामुळं नव्हे. त्याला तेव्हाच कळलं होतं की यातलं एकही आपलं नाही. आणि कळूनसुद्धा त्यानं हात पुढं केला होता, रोज सकाळी घाम गाळत परक्या माणसाची असावीत तशी ती वाक्यं घोकली होती, तिच्यासाठी. हे तिच्या मनात आलं, आणि येता येताच त्याच्या पलीकडचं दिसलं. त्याला आता माहीत आहे, तर तेव्हाही माहीत होतं. गठ्ठा उशाशी ठेवताना माहीत होतं. वाढ म्हणताना माहीत होतं, की इथं दुसरं काही बोलायला हवं. तो मुका बैल नव्हता. ज्याला कळतच नाही त्याला सोडून देता येतं. याला कसं सोडायचं? राग गेला नाही. इतके दिवस घरभर भिरभिरत होता तो आता येऊन तिच्या शेजारी पाटावर बसला.

नाथानं पुन्हा तोंड उघडलं. "जेव," तो म्हणाला. "जेव…" पुढचं अडकलं. रोज असं अडकलं की ती शब्द पुरा करून द्यायची. आज तिनं दिला नाही.

"नाही जेवले," ती म्हणाली.

आणि ती खरंच जेवली नव्हती. पाहुण्यांच्या गडबडीत दोघांचंही राहिलं होतं. ती उठली, फळीवरून एकच ताट काढलं. भात वाढून घेतला, वालाचं बिरडं घेतलं, लोणच्याची फोड घेतली. इतकी वर्षं त्याचं झाल्यावर मागच्या दारापाशी, भिंतीकडं तोंड करून ती जेवत आली होती. आज ताट घेऊन ती त्याच्या खुर्चीसमोर, उन्हाच्या पट्ट्यात येऊन बसली. भात गार झाला होता. तिनं कालवला, पहिला घास घेतला, चावला. नाथा तिच्या हाताकडं बघत होता, मग फळीवरच्या आपल्या ताटाकडं, मग पुन्हा तिच्याकडं. त्याला भूक लागली होती हे तिला दिसत होतं. त्याचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

शब्द त्यानं शोधायचा होता, कुठल्याही भाषेतला. ती घास चावत वाट बघत बसली.